देवकाबाईंच्या गाण्यातला कूलर

वर्णन पुढीलप्रमाणे. नाव : प्रभाकर नत्थूजी चाफले. लिंग : पुरुष. मूळ गाव सिंदी (रेल्वे), हल्ली मुक्काम बोरगाव मेघे, वर्धा. व्यवसाय : सेवानिवृत्त अभिलेखपाल. बांधा मध्यम, वर्ण निमगोरा, चष्मा आहे. ओळखीची खूण : शर्टाच्या खिशाला दोन पेन, त्यांपैकी एक लिहिते. वर्तन : समाधानकारक. सूचनांचे पालन : तंतोतंत. कोणाशी वैर नाही, कोणावर संशय नाही. सदर इसम संगणक स्वतः हाताळतो.

हे वर्णन प्रभाकररावांनी स्वतःच लिहिले आहे आणि तक्रारअर्जाला जोडले आहे. अर्जात वर्णन मागितले होते ते खरे तर चोराचे. पण चोर कोणी पाहिलेला नव्हता आणि रकाना कोरा सोडणे प्रभाकररावांना जमणारे नव्हते, म्हणून त्यांनी उपलब्ध इसमाचे वर्णन दिले. ठाण्यातल्या हवालदाराने ते वाचले, एकदा प्रभाकररावांकडे पाहिले, आणि जुळते आहे असे बघून ठेवून घेतले.

प्रभाकररावांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली. अभिलेख कक्ष म्हणजे जिथे जुने कागद कापडात बांधून ठेवतात आणि लागले की सापडत नाहीत ती खोली. प्रभाकररावांच्या कारकिर्दीत मात्र ते सापडत. याचे श्रेय ते आपल्या एका सिद्धांताला देत : मूळ प्रत एकच असावी. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एकाच शेताचे दोन नकाशे पाहिले होते, दोन्हींवर ‘मूळ’ असा शिक्का. एक नकाशा एका भावाकडे, एक दुसऱ्याकडे. भाऊ वारले, त्यांची मुले म्हातारी झाली, तरी तो खटला तरुणच होता. तेव्हापासून प्रभाकररावांचे ठाम मत झाले की जगातल्या बऱ्याचशा भांडणांचे कारण दुसरी प्रत हे आहे. काम झाले की झेरॉक्स फाडून टाकायची, ही शिस्त त्यांनी घरीही आणली. त्यांच्या लग्नाचा फोटोसुद्धा घरात एकच आहे.

दुसरी शिस्त लेखी सूचनांची. तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नसे. तीच गोष्ट कागदावर, एक-दोन-तीन असे आकडे घालून आली की मग मात्र ते तिच्याशी वाद घालत नसत. घरी नवा मिक्सर आला तेव्हा ते माहितीपत्रक पहिल्या सूचनेपासून वाचत बसले. तोवर देवकाबाईंनी शेंगदाण्याची चटणी वाटून, भांडे धुऊन, मिक्सर ओट्यावर लावूनही टाकला होता. ती चटणी प्रभाकररावांनी शेवटची सूचना वाचून झाल्यावरच खाल्ली.

देवकाबाई त्यांच्या पत्नी. माहेर गिरड. दर्ग्याच्या टेकडीखालच्या गल्लीत वाढलेली ही बाई सासरी येताना काही आणायचे राहिले असेल तर असेल, पण आवाज विसरली नव्हती. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या भागात पोरी भुलाबाई बसवतात, मातीच्या जोडप्यापुढे टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. बोरगावच्या या नव्या वस्तीत ते सगळे मागे पडत चालले होते. देवकाबाईंनी आपल्या ओसरीवर ते पुन्हा सुरू केले. जुनी गाणी त्यांना पाठ होतीच, पण त्यांची खरी मजा वेगळी होती. गल्लीतल्या माणसांवर त्या स्वतः कडवी रचत आणि भुलाबाईच्या चालीत सोडून देत. कोणाची सून, कोणाची नवी गाडी, कोणाची न झालेली बदली, काहीही. नवऱ्याचे नाव एरवी त्यांच्या तोंडून निघत नसे. गाण्यात मुभा होती, आणि तिचा त्या पुरेपूर वापर करत :

प्रभाकररावले सही येते गं बाई, सही येते,
चहा काही येत नाई गं बाई, येत नाई.

पोरी हसून लोळत. प्रभाकरराव आत खुर्चीवर बसून ऐकत आणि हे विधान वस्तुस्थितीला धरून असल्यामुळे हरकत घेत नसत.

त्यांची मुलगी सपना सिंदीला दिली आहे. दरवर्षी ती भुलाबाईला माहेरी येई आणि आईची गाणी मोबाइलवर टिपे. आश्विनातले आमच्याकडचे ऊन म्हणजे उन्हाळ्याने जाता जाता मागे वळून पाहिल्यासारखे असते; ओसरीला लागून कूलर, तो चालूच. त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या आधी थोडा वेळ नुसता कूलर ऐकू येई, मग देवकाबाईंचा खाकरा, मग गाणे, आणि गाण्याखाली पुन्हा तो कूलर, दूरच्या गिरणीसारखा. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने, प्रफुलने, या गाण्यांचे इंटरनेटवर चॅनेल काढून दिले. नाव ठेवले ‘देवकाबाईची भुलाबाई’. सपना गाणी वडिलांच्या मोबाइलवर पाठवी, प्रभाकरराव ती संगणकावरून चॅनेलवर चढवत, चढली की पूर्ण ऐकून खात्री करत, आणि मग मोबाइलमधली, संगणकातली आणि सपनालाही फोन करून तिच्याकडची प्रत काढून टाकायला लावत.

“कायले पण बाबा?” ती विचारी. “राहू द्या ना माह्या फोनमधे.”

“मूळ प्रत वर जमा झाली,” प्रभाकरराव म्हणत. “आता खालच्या प्रतीचं काम नाई.”

बापाशी वाद घालण्यापेक्षा गाणे काढून टाकणे सोपे होते, आणि फोनही सारखा भरलेलाच असे.

मग एका हिवाळ्यात देवकाबाईंना लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी परत आले. वाचा आली नाही. आला तो एकच शब्द : हव. आमच्याकडे होकार म्हणून वापरतात तो. “जेवली का?” “हव.” “जेवाची राह्यली का?” “हव.” चेहऱ्यावर सगळे समजत असल्याची खूण असे, डोळ्यांत कधी रागही असे, पण बाहेर येताना प्रत्येक गोष्टीचा हव होऊन जाई. जन्मभर सगळ्या गल्लीला नावे ठेवणारी बाई अचानक सगळ्यांशी सहमत झाली.

रक्षा नावाची एक मुलगी त्यांना बोलण्याचे व्यायाम शिकवायला येऊ लागली. तिने सांगितले की अशा रोग्यांत बोलणे जाते, पण पुष्कळदा गाणे शिल्लक असते. गाण्याच्या वाटेने शब्द थोडे थोडे परत आणता येतात. आणि स्वतःचेच जुने गाणे, स्वतःच्याच आवाजातले, मिळाले तर फार चांगले.

“आहे ना,” प्रभाकरराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे मागितलेला अभिलेख त्यांना स्वतःलाही हवा होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीच्या आधी संगणक सुरू होई. देवकाबाई समोर खुर्चीवर. आधी कूलरचा आवाज, मग त्यांचाच खाकरा, मग गाणे. पहिले काही आठवडे त्या नुसत्या बोटांनी ताल धरत. मग गुणगुण. आणि एके दिवशी, संगणकातली देवकाबाई आणि खुर्चीतली देवकाबाई दोघी मिळून म्हणाल्या, “प्रभाकररावले सही येते गं बाई, सही येते.” प्रभाकरराव उठून उभे राहिले. वरिष्ठ अधिकारी खोलीत आल्यावर ते असेच उभे राहत. पावसाळ्यापर्यंत दुसरी ओळही सुरू झाली होती. “चहा काही” इथपर्यंत त्या पोचत, अडखळत, गाणे पुढे निघून जाई. रक्षा म्हणाली, “काकू, तुम्ही दिवाळीपर्यंत काकांना चहावरून बोलाल बघा.” देवकाबाई म्हणाल्या, “हव.” तो हव खरा होता असे प्रभाकररावांचे म्हणणे आहे.

त्याच बोलण्यात रक्षा सहज म्हणून गेली, “आवाज थोडा स्वच्छ असता ना, तर शब्द त्यांना अजून नीट कळले असते. तो कूलर फार येतो मधे.”

ती चहा पिऊन निघून गेली आणि विसरली. प्रभाकररावांनी ती सूचना मानली.

त्यांनी संगणकावर मराठीत टाइप केले : गाण्यातील कूलरचा आवाज काढणे, मोफत. बरीच शोधाशोध झाल्यावर एक पान मिळाले. आवाज स्वच्छ करण्याचा प्रोग्राम, संपूर्ण आवृत्ती, कायमस्वरूपी फुकट. खाली शेकडो लोकांनी धन्यवाद लिहिलेले. आणि त्याच्याखाली, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, आकडे घातलेल्या सूचना. इथेच खरे तर सगळे ठरले.

एक, फाइल उतरवून घ्या. दोन, फाइल कुलूपबंद आहे, पुढील पासवर्डने उघडा. तीन, अँटीव्हायरस बंद करा, तो चुकून अडथळा आणतो. चार, फाइलवर उजवे बटन दाबून ‘प्रशासक म्हणून चालवा’ निवडा. पाच, काही दिसले नाही तरी काळजी करू नये.

तिसऱ्या सूचनेशी प्रभाकरराव थांबले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. रखवालदाराला सुट्टी देऊन दार उघडायचे हे काही बरोबर वाटेना. पण त्यांना पूर्वदाखला आठवला. बोरगावच्या चौकात धर्मेंद्रचे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. आधीच्या वर्षी त्याने याच संगणकात मराठी टाइप करायचा प्रोग्राम टाकून दिला होता, तोही फुकटचाच, तेव्हा त्यानेही आधी अँटीव्हायरस बंद केला होता आणि असेच करायचे असते असे सांगितले होते. आमच्या गावातले सगळेच असे करतात. पत्रिका छापणारे, फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले. ज्याच्या त्याच्या संगणकात जे काही चालते ते अँटीव्हायरस झोपवून आत आणलेले असते. कचेरीत एकदा केलेली गोष्ट पुढच्या वेळी नियम होते. प्रभाकररावांनी रखवालदाराला सुट्टी दिली.

चौथ्या सूचनेचा त्यांना थोडा आनंदही झाला. नोकरीभर प्रशासक दुसरेच कोणी असत. त्यांनी चष्मा पुसला आणि प्रशासक म्हणून फाइल चालवली.

काही दिसले नाही. पाचव्या सूचनेनुसार त्यांनी काळजी केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवकाबाई नेहमीसारख्या खुर्चीवर येऊन बसल्या. प्रभाकररावांनी चॅनेल उघडले. कूलर आला नाही. एक गोरा, कोट घातलेला माणूस आला आणि इंग्रजीत, फार कळकळीने, कसल्याशा नाण्यांबद्दल बोलू लागला. त्याच्यामागे हिरवे-तांबडे आकडे वर-खाली होत होते.

“जाहिरात आहे,” प्रभाकरराव म्हणाले. “संपन आता.”

दोघे बसून राहिले. जाहिरात संपेना. देवकाबाईंनी ताल धरायला हात गुडघ्यावर ठेवला होता, तो तसाच. तो माणूस मधेच हात पसरून काहीतरी विचारी आणि थांबे. अशा एका थांब्याला देवकाबाई त्याला म्हणाल्या, “हव.”

तेवढ्यात सपनाचा फोन आला. “बाबा, आईचं चॅनेल पाहून राह्यली मी. थो कोन मानूस आहे?”

“जाहिरात आहे.”

“जाहिरात नाई जी! चॅनेलचं नावच बदललं. आईचं एकबी गाणं नाई त्याच्यात. तुमी काही केलं काय?”

“नाई,” प्रभाकरराव म्हणाले. मग प्रामाणिकपणे विचार करून म्हणाले, “सूचनेप्रमाणे केलं.”

धर्मेंद्र दुकान बंद करून लगेच आला. मनाने चांगला पोरगा, तोंडाने चौकातला. त्याने आधी इंटरनेटची वायर काढली, मग उतरवलेली फाइल पाहिली, आणि कपाळावर हात मारून घेतला.

“काकाजी, हे काय करून ठेवलं जी? हा आवाज साफ करनारा नाई, घर साफ करनारा आहे! हे टाकलं की ब्राउझरमधे जेवढे पासवर्ड सेव असते थे सगळे उचलते अन् पाठवून देते. दोन मिनटाचं काम आहे त्याचं. म्हनून तं काही दिसलं नाई तुमाले.”

“पण ओटीपी आला नाई,” प्रभाकरराव म्हणाले. मोबाइल त्यांच्या हातात होता. ओटीपीशिवाय कोणी आत जाऊ शकत नाही असे प्रफुलने त्यांना सांगितले होते, आणि ओटीपी कोणाला सांगू नये ही सूचना त्यांनी इतकी पाळली होती की एकदा प्रफुललाच सांगितला नव्हता.

“कायले येईन ओटीपी? तुमी एकडाव आत गेले की साइट तुमाले पास देते. मंग रोज रोज नाई इचारत, कोन आहे म्हनून. त्यानं पासवर्डबी नेला अन् थो पासबी नेला. साइटले वाटलं, चाफले काकाजीच आले.”

“म्हणजे गेटपास.”

“हव, गेटपासच समजा.”

कचेरीची भाषा वापरल्यावर प्रभाकररावांना चोरी नीट समजली. कोणीतरी प्रभाकर नत्थूजी चाफले म्हणून आत गेला, प्रभाकर नत्थूजी चाफले म्हणून पासवर्ड बदलला, प्रभाकर नत्थूजी चाफले म्हणून देवकाबाईंची सगळी गाणी काढून टाकली, आणि जागा मोकळी झाल्यावर आपला माणूस बसवला.

“बरं, गाने आहे ना मोबाइलमधे?” धर्मेंद्रने विचारले. “चॅनेल नवं काढू, पुन्हा टाकू. कायचं टेन्शन घेता?”

प्रभाकरराव हातातल्या मोबाइलकडे पाहू लागले.

“काकाजी?”

“काढून टाकले.”

“काऊन?”

“मूळ प्रत वर होती.”

धर्मेंद्रने त्यांच्याकडे पाहिले, देवकाबाईंकडे पाहिले, आणि मग बराच वेळ कीबोर्डवरची धूळ बोटाने पुसत बसला. “भैताड मानूस आहो मी,” तो शेवटी म्हणाला. “म्याच तं शिकवलं तुमाले, अँटीव्हायरस बंद करा म्हनून.”

“तुझा दोष नाई,” प्रभाकरराव म्हणाले. “तू तोंडी सांगितलं होतं.”

त्यानंतर जे जे करायचे ते सगळे झाले. धर्मेंद्रने संगणक पुसून नव्याने मांडला. पासवर्ड त्या संगणकावरून बदलले नाहीत. आधी सपनाच्या नवऱ्याचा मोबाइल आणला, त्यावरून एकेक बदलले, सगळीकडून एकदम बाहेर पडायचे बटन असते ते दाबले. ब्राउझरमधे पासवर्ड ठेवू नका, फुकट म्हणून कोणी काही दिले तर घेऊ नका, अँटीव्हायरस बंद कर म्हणणाऱ्याला तिथेच ओळखा, आणि जी गोष्ट जीव लावून ठेवली तिची प्रत निदान तीन ठिकाणी ठेवा, असे त्याने सांगितले. प्रभाकररावांनी हे लेखी मागितले. धर्मेंद्रला मराठी लिहायची सवय नसल्यामुळे ते राहून गेले.

प्रत शोधायचीही शिकस्त झाली. प्रभाकररावांच्या मोबाइलमधून पुसलेले परत काढणारा माणूस नागपूरला होता; त्याने दोन दिवस ठेवून घेऊन विजेची बिले आणि सुप्रभातची चित्रे काढून दिली. सपनाने जुना फोन देऊन नवा घेतला होता. जुना फोन कोणाकडे असेल हे दुकानदाराला माहीत नव्हते, त्याला ते माहीत असण्याचे कारणही नव्हते. गल्लीतल्या पोरींकडे काही असेल म्हणावे, तर प्रभाकररावांनी सगळ्यांना बजावले होते की गाणे पुढे पाठवू नका, चॅनेलचा पत्ता पाठवा. सगळ्यांनी ऐकले होते. पोरींकडे चॅनेलचा पत्ता होता.

पुण्याहून प्रफुलचा फोन आला. त्याने पहिले बँकेचे विचारले. बँकेत काही झाले नव्हते. चोराने पेन्शनला हात लावला नव्हता.

“मग ठीक आहे बाबा,” तो म्हणाला. “थोडक्यात निभावलं. लोकांचे लाखो जातात.”

“हो,” प्रभाकरराव म्हणाले.

“आईला दुसरी गाणी लावून द्या. भुलाबाईची ढिगानं आहेत इंटरनेटवर.”

लावून दिली. अमरावतीच्या बायकांची लावली, अकोल्याच्या लावली, एका शाळेच्या स्नेहसंमेलनातली लावली. देवकाबाई पाहुण्या बायकांचे ऐकावे तशा ऐकत आणि संपले की “हव” म्हणत. ताल धरत नसत. सपना चार दिवस राहायला आली आणि स्वतः गायली. तिला चाली सगळ्या येत होत्या. पण आईने रचलेली कडवी अर्धीमुर्धीच आठवत होती, आणि आवाज वडिलांवर गेला होता. एकदा प्रभाकररावांनीही दार लावून घेऊन प्रयत्न केला. “प्रभाकररावले सही येते” हे त्यांनी म्हटले ते नोटीस वाचून दाखवल्यासारखे निघाले. देवकाबाई हसल्या. लकव्यानंतर त्या एका बाजूनेच हसतात. शब्द मात्र आले नाहीत, आणि हळूहळू जी एक ओळ पूर्ण येत होती तीही येईनाशी झाली.

तक्रार दिली होतीच. ठाण्यातला हवालदार सज्जन होता. त्याने अर्ज संगणकात भरताना नुकसानीच्या रकान्याशी थांबून विचारले, “काय गेलं म्हणून लिहू, काका?”

“गाणी.”

“गाण्याचा पर्याय नाही. पैसे गेले का? दागिने? कागदपत्रं?”

प्रभाकररावांनी विचार करून ‘कागदपत्रे’ लिहायला सांगितले.

साइटवाल्यांशी पत्रव्यवहार प्रफुलने केला. काही आठवड्यांनी चॅनेल परत मिळाले. तो कोटवाला माणूस गेला, जुने नाव आले, ‘देवकाबाईची भुलाबाई’. आत काही नव्हते. साइटच्या उत्तरात फार नम्रपणे म्हटले होते की व्हिडिओ खात्याच्या मालकाने स्वतः काढून टाकलेले दिसतात आणि मालकाने काढलेले परत आणण्याची सोय नाही. प्रभाकररावांना यात चूक काढता येईना. त्यांच्या कक्षातूनही नष्ट केलेला कागद परत मिळत नसे. ते स्वतः लोकांना तसेच नम्रपणे सांगत.

दिवाळी झाली. आमच्याकडे दिवाळीनंतर कूलर रिकामा करून, गवत काढून, प्लास्टिक गुंडाळून ठेवतात. त्या वर्षी ओसरीवर भुलाबाई बसली नव्हती आणि कूलर पावसाळ्यापासून बंदच होता. प्रभाकररावांनी टाकीत राहिलेले पाणी काढले आणि आतला ओलसरपणा जावा म्हणून जरा वेळ नुसताच चालू केला. कूलर सुरू झाला, दूरच्या गिरणीसारखा. आणि आतल्या खोलीतून कोणीतरी खाकरले.

“प्रभाकररावले सही येते गं बाई, सही येते.”

प्रभाकरराव हातात प्लास्टिक घेऊन उभे राहिले. कूलर चालूच होता. पुढची ओळ येईल म्हणून ते बराच वेळ उभे होते. आली नाही.

रक्षाला सांगितले. कूलरचा आवाज काढायचे कोणाच्या बोलण्यावरून सुरू झाले हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळले. मग म्हणाली की असे होऊ शकते. इतकी वर्षे गाण्याच्या आधी तोच आवाज येत होता, तो ऐकून गाणे वर येत असेल. चालू ठेवून पाहा. उपयोग होईलच असे सांगता येत नाही. मात्र पुढची ओळ कोणी म्हणून दाखवू नका, त्यांची त्यांना येऊ द्या.

म्हणून आता पौषातल्या थंडीत, दिवेलागणीच्या आधी, चाफल्यांच्या घरी कूलर सुरू होतो. देवकाबाई शाल पांघरून खुर्चीत, प्रभाकरराव कानटोपी घालून समोर, कधी सपना, कधी चौकातून जाता जाता धर्मेंद्र. धर्मेंद्र दर वेळी मोबाइल उघडून टिपायला बसतो आणि दर वेळी तीन ठिकाणी प्रत ठेवतो. देवकाबाई एखाद्या दिवशी पहिली ओळ म्हणतात, एखाद्या दिवशी नाही. मग सगळे दुसऱ्या ओळीची वाट पाहत बसतात. ती सगळ्यांना येते. कोणी म्हणत नाही.

परवा तक्रारीचा निकाल आला. ‘तक्रारदाराचे चॅनेल तक्रारदारास परत मिळाले असून आर्थिक नुकसान निरंक आहे. तक्रारदाराचे पूर्ण समाधान झाले असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.’ खाली सहीची जागा होती. प्रभाकररावांनी दोन पेनांपैकी लिहिणाऱ्या पेनाने सही केली आणि देवकाबाईंना थंडी वाजते आहे असे वाटून विचारले, “कूलर बंद करू काय?”

“हव,” देवकाबाई म्हणाल्या.

“का चालू राहू देऊ?”

“हव.”

कूलर चालू आहे.